वहिनींचं कोरं मशीन

आमच्या मासिकात प्रोग्रामिंगवरचा लेख संपला की खाली एक ओळ असते: 'या लेखातला संपूर्ण कोड आमच्या वेबसाइटवरून डाउनलोड करा.' ही ओळ पानावर लावायचं काम माझं. ती खरी ठरवायचं काम माझ्या वहिनींचं. मला दोन सेकंद लागतात, त्यांना कधीकधी दोन आठवडे, आणि मासिकात नाव छापून येतं ते माझं.

वहिनी आधी शाळेत गणित शिकवायच्या. शाळा बंद पडली तेव्हा मीच संपादकांच्या मागे लागून त्यांना इथे चिकटवलं, आणि हे उपकार मी घरात अजून ऐकवतो. झेरॉक्स मशीनशेजारी त्यांचं टेबल, टेबलावर दोन कॉम्प्युटर. एक रोजच्या कामाचा, दुसरा कोरा. कोरा म्हणजे प्रत्येक लेखाआधी त्या तो साफ पुसून नव्यासारखा करतात. लेखकाने स्वतःच्या मशीनवर काय काय बसवून ठेवलेलं असतं, त्यातलं यात काहीच नसतं. आलेला कोड त्यावर चालला, तरच त्याची झिप फाइल वेबसाइटवर चढते. पहिल्या फटक्यात चाललेला कोड मी आठ वर्षांत दोनदा पाहिला. त्यातला एक चार ओळींचा होता.

सगळ्यांत भयंकर कोड गुरुवर्यांचा. हे नाव आम्ही ऑफिसात ठेवलेलं. दर दोन महिन्यांनी त्यांचा लेख यायचा, आणि भाषा अशी गोड की वाचणाऱ्याला वाटावं, प्रोग्रामिंग म्हणजे डाव्या हातचा मळ. प्रत्यक्षात निम्म्या फाइली बेपत्ता आणि उरलेल्या त्यांच्याच लॅपटॉपवरचे फोल्डर शोधत फिरणाऱ्या. वहिनींनी फोन केला की एकच उत्तर: "माझ्याकडे व्यवस्थित चालतंय, बाई." मग वहिनी स्वतःच तो दुरुस्त करायच्या. वाचकांच्या मेल यायच्या, 'सर, तुमचा कोड डाउनलोड केला आणि लगेच चालला!' त्या मेल गुरुवर्य संपादकांकडून आवर्जून मागवून घ्यायचे. वहिनी पुढचा लेख उघडायच्या. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात जायची.

यंदा गुरुवर्यांच्या चाळीस लेखांचं पुस्तक काढायचं ठरलं. ते ऑफिसात आले तेव्हा वहिनींनी पहिल्यांदाच काहीतरी मागितलं.

"सर, पुस्तकात माझं नाव घालाल? कोड मी दुरुस्त केलाय म्हणून?"

विचारताना त्या शाळकरी मुलीसारख्या उठून उभ्या राहिल्या होत्या. मला ते अजिबात आवडलं नाही.

गुरुवर्य हसले. "बाई, तुम्ही फाइली वर चढवता. तेवढ्यावर नाव घालायचं, तर लिफ्टवाल्याचंही घालावं लागेल! चाळीसही प्रोग्राम काढून द्या मला. मी पाठवले होते तसेच हवेत. तुम्ही कुठे बोट लावलं असेल, तर ते नको."

वहिनींकडे दोन फोल्डर असतात, लेखकांकडून 'आलेले' आणि दुरुस्त करून 'दिलेले'. पेन ड्राइव्ह लावून त्या नुसत्याच बसून राहिल्या.

"सांगितलंय तसं करा ना," मी म्हणालो.

"भावजी, पुस्तक विकत घेणारा अडकेल हो."

"छापायच्या आधी प्रकाशक तपासतोच. त्याला अडकू द्या!"

त्यांनी 'आलेले' दिले. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी एकच जाहिरात दोन पानांवर लावली आणि शिव्या खाल्ल्या.

दोन आठवड्यांनी प्रकाशकाकडून फोन आला. चाळीसपैकी एकही प्रोग्राम चालत नाही, पुस्तक थांबवलंय, आणि गुरुवर्य म्हणतात की मासिकवाल्यांनी फाइली बिघडवल्या. फोन वहिनींनी घेतला. "सरांना इकडे पाठवा," त्या म्हणाल्या. "माझ्या मशीनवर चालवून दाखवू देत."

सोमवारी गुरुवर्य कोऱ्या मशीनसमोर बसले. वहिनी शेजारी स्टुलावर, हाताची घडी घालून.

पहिल्याच प्रोग्रामला अकरा चुका निघाल्या. दुपारपर्यंत गुरुवर्यांनी त्या चौदा केल्या. घाम पुसत ते म्हणाले, "तुमच्याकडे दुरुस्त केलेले असतील ना? तेच देऊन टाका."

"ते माझे आहेत, सर."

मी मान खाली घालून पान लावत होतो. पानावर काय होतं, देव जाणे.

बुधवारी चारच्या सुमारास तो पहिला प्रोग्राम चालला. पंचावन्न वर्षांचा माणूस खुर्चीतून ओरडत उठला आणि चष्मा कीबोर्डवर पडला. मग ते हळूच खाली बसले.

"हे तुम्ही प्रत्येक लेखाला करत होता?"

"प्रत्येक लेखाला."

"मग... आभारात तुमचं नाव घालतो."

"आभारात नको. मुखपृष्ठावर घाला, तुमच्या नावाखाली. नसेल जमत, तर अजून एकोणचाळीस आहेत. मला घाई नाही."

गुरुवर्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पानात आणखी खोल शिरलो. शेवटी त्यांनी मोबाइल काढला आणि प्रकाशकाला मुखपृष्ठावर दुसरं नाव घालायला सांगितलं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. ते मोबाइलवर हात ठेवून वहिनींकडे वळले आणि आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी विचारलं,

"बाई, तुमचं नाव काय?"