कुठली मानवली?

वसईत मनाच्या डॉक्टरांकडे ती माझ्या शेजारी बाकावर बसली होती. पाचूबंदरची कोळीण, नवऱ्याच्या गोळ्या न्यायला आलेली. रिकामे हात मांडीवर जाळं शिवल्यासारखे हलत होते. माझ्या गोळीनं तोंड कोरडं पडतं, म्हणून मी ती बदलायला आलेय, असं मी सांगितलं.

"तुमचं बरंय, ताई," ती म्हणाली. "आमच्या मानसाला पयली गोळी लागू पडली, हसाया लागला. पन बोटीवर गुंगी यायची. पान्यात पडत होता, खलाशांनी धरला. मग दुसरी दिली. तिनं गुंगी नाय, पन घरी भिंतीकडं तोंड करून बसतो. मी नसलेलाच बरा, बोलतो."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"इचारतात, कुठली मानवली?" तिचे हात थांबले. "एकीनं समुद्रात जाईल, दुसरीनं घरात. काय सांगू?"

त्या दिवशी तिला तिसरी गोळी मिळाली. गुण यायला काही आठवडे लागतील, असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्याच महिन्यात मी मासळी घ्यायला पाचूबंदरला गेले. घरोघरी ओट्यांवर जाळ्यांचे ढीग आणि दोरांची वेटोळी होती. एकच ओटा मोकळा होता, आणि त्यावर ती बसली होती. माझी नजर तिनं ओळखली.

"दोर सगळे शेजाऱ्यांकडं ठेवलेत," ती हळू आवाजात म्हणाली. "गोळीचा गुण येईपर्यंत."

आत कुणीतरी खोकलं. ती बोलायची थांबली, आणि पुन्हा खोकला ऐकू येईपर्यंत दाराकडे कान लावून बसून राहिली.