बारा ते दोनचा पहारा

ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवरून परतल्या, गाव पुन्हा भरलं, की आमच्याकडं मारुतीच्या देवळापुढं मांडव पडतो आणि सप्ताह बसतो. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. दर दोन तासांनी माणूस बदलतो. नवा जुन्याच्या पाया पडतो, जुना नव्याच्या, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. याला पहारा म्हणतात. दुपारी बारा ते दोनचा पहारा बावीस वर्षं माझा होता.

पंचविशीत असताना एकदा त्या वेळेचा माणूस आलाच नाही. थकलेल्या म्हाताऱ्या विणेकऱ्यानं समोर उभ्या असलेल्या माझ्याच गळ्यात वीणा घातली. तार छेडली आणि अंगावर काटा आला. पहारा संपल्यावर म्हातारा म्हणाला, "पोरा, देवानं बोलावलंय तुला." मी ते खरं मानलं. माळ घातली, मटण-मासळीचं वशाट सोडलं. दूध डेअरीवर कॅन मोजणाऱ्या माणसाला गाव 'महाराज' म्हणायला लागलं. ते मला फार आवडायचं. हे आज लिहितो, तेव्हा मान्य केलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी, सप्ताहाच्या पाचव्या दिवशी, एक वाजून गेला असेल. मी वीणा घेऊन उभा होतो. बायको धावत मांडवात आली. हाताला कणीक तशीच होती.

"आवो, चला. आत्याचं तोंड वाकडं झालंय. उजवा हात उचलंना."

आत्या म्हणजे माझी आई. वीणा गळ्यात असताना बोलू नये असा आमचा नेम. मी डोळ्यांनी खुणावलं, थांब.

"थांबू काय? माणूस जायलंय तिकडं!"

मांडवात तीसेक माणसं होती. टाळकरी होते, पखवाजवाला होता. पिकअप चालवणारा आमचा शेजारी तर टाळ घेऊन माझ्या समोरच उभा होता. सगळ्यांनी ऐकलं. टाळ थांबले नाहीत. बायकोनं एकदा त्या शेजाऱ्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि सरळ पुढं येऊन वीणेला हात घातला.

"आणा हिकडं. मी धरते. तुमी जा घरी."

तेव्हा मात्र टाळ थांबले.

"ए बाई, सरक माघं!" एक जाणता ओरडला. "इटाळ करतीस का वीणेला?"

"महाराज, आवरा की बायकूला," दुसरा म्हणाला, आणि दोघं-तिघं हसले.

मी काय केलं? मी वीणा छातीशी धरून एक पाऊल मागं सरकलो. बायकोपासून मागं. तिची कणीक वीणेच्या दांडीला लागली होती, ती मी अंगठ्यानं पुसली.

आता खरं सांगायचं ते हे. वीणा दुसऱ्याला देता येत नाही असं काही नाही. पहाऱ्यावरच्या माणसाला लघवी लागली की तो करंगळी वर करतो आणि शेजारचा माळकरी वीणा घेतो. हे मी शंभर वेळा पाहिलंय, स्वतः केलंय. आईसाठी माझी करंगळी वर झाली नाही. नेम आडवा आला नव्हता. सगळा मांडव माझ्याकडं पाहत होता आणि मला ते पाहणं हवं होतं. बाकीच्या तिसांपैकी एकानंही हात पुढं केला नाही, याचा राग आजही येतो. पण मी कुणाकडं मदत मागितलीच नाही, हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवतो.

बायको मांडवातून बाहेर पडली. गावाबाहेर एक मेंढपाळ मेंढरं चारत होता, त्याच्याकडं ती धावली. देवळात तो कधी दिसत नाही, म्हणून आम्ही माळकरी त्याला नावं ठेवायचो. त्यानं मेंढरं तशीच सोडली, रस्त्यावर आडवा उभा राहिला, बऱ्याच वेळानं आलेला कांद्याचा एक टेम्पो थांबवला आणि घरून आईला पाठीवर घेऊन आला. गोण्यांच्या मधल्या जागेत आईला निजवून तो आणि बायको अंबाजोगाईच्या दवाखान्यात गेले. त्याची मेंढरं दुसऱ्याच्या रानात शिरली. त्याबद्दल त्यानं नंतर शिव्याही खाल्ल्या.

मी दोन वाजता रीतसर पाया पडून, वीणा देऊन मग निघालो.

डॉक्टरांनी बायकोला विचारलं, "इतका वेळ कुठं होतात?" मी पोचलो तेव्हा तिनं माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाली, "ह्यांना इचारा." डॉक्टरांनी मला विचारलं नाही. लवकर आणलं असतं तर बरंच वाचलं असतं, एवढं म्हणाले. आई वाचली, पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

आणि मी शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला गावात परत आलो! बायको वॉर्डात फरशीवर झोपत होती आणि मी काला चुकू नये म्हणून एसटीनं परत आलो. बाहेरगावचे कीर्तनकार उभे होते. त्यांना कुणीतरी कानात सांगितलं असणार.

"माय मरणाच्या दारात, पण या पठ्ठ्यानं वीणा खाली ठेवली नाही! याला म्हणतात निष्ठा!"

टाळ्या पडल्या. बायकांनी डोळे पुसले. कुणाच्या जिवावर निष्ठा, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मला वर बोलावून नारळ दिला, उपरणं घातलं. मी वाकून घेतलं. त्या वेळी माईक हिसकावून "हे खोटं आहे" असं म्हणता आलं असतं. मी हात जोडले.

नारळ दवाखान्यात नेला. बायकोनं तो हातात घेऊन हलवून पाहिला.

"पाणी हाय. घरी गेल्यावर फोडा, चटणीला हुईल."

गेल्या वर्षी सप्ताहाच्या आधी तिघं जाणते यादी घेऊन दारात आले.

"महाराज, बारा ते दोन तुमचाच लिवलाय."

"खोडा," मी म्हणालो. "मला जमायचं न्हाई."

"कावून रं? बावीस वर्साचा नेम मोडतूस?"

"मग हिचं नाव लिवा. त्या दिवशी वीणा धरायला तीच पुढं आलती, तुमी कुणी आला न्हाई."

ते हसले. आतून बायको बाहेर आली. ती हसली नाही.

"मला कावून मधी घालता? मला नगं तुमची वीणा. तुमचं पाप माझ्या गळ्यात कशाला? रोज दोन तास आईपाशी बसा, मला शेळ्या घेऊन रानात जाता येईल."

जाणते निघून गेले. जाताना एक जण पुटपुटला, "बायकूच्या ताटाखालचं मांजर."

तेव्हापासून दुपारी बाराला मी डेअरीवरून घरी येतो. डॉक्टरांनी दाखवलं तशी आईची उजव्या हाताची मिटलेली बोटं एकेक करून उघडतो, पुन्हा मिटू देतो, पुन्हा उघडतो. पेज भरवतो. म्हातारा म्हणाला होता ते बोलावणं खरं होतं की नाही, मला माहीत नाही. बायको कणकीच्या हातानं धावत आली, ते बोलावणं खरं होतं. त्याबद्दल मला शंका नाही.

आईच्या तोंडात आता एकच शब्द उरलाय. यंदा सप्ताहात कर्ण्यावरून टाळ ऐकू आले की ती डावा हात दाराकडं करायची आणि म्हणायची, "जा."

वीणेकडं जा म्हणते की नजरेसमोरून जा म्हणते, मला कळत नाही. विचारलं तर पुन्हा तेवढंच म्हणते. बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "तुमचं तुमी ठरवा."

सातव्या दिवशी काल्याचं कीर्तन सुरू होतं. आई दोनदा "जा" म्हणाली. मी तिची करंगळी उघडत बसलो होतो. ती सगळ्यात घट्ट मिटलेली असते. रानातून आलेली बायको दारात शेळ्या बांधत म्हणाली, "आवो, दोन वाजून गेले. उठायचं न्हाई का?"

"वाजू दे," मी म्हणालो.