स्कोत्ता कुणाची?

स्टेनवोर माणसांशी हुकमाच्या सुरात बोलायची आणि घोड्यांशी आर्जवाच्या. "चढा. टाचा खाली. पोटात आवाज होतोय? जेवणाला दोन तास आहेत," हे पाहुण्यांना. आणि लगेच वळून घोड्याला, "राजा, जरा पाय उचलतोस का रे, तुला त्रास नसेल तर?" पहिल्या दिवशी पाहुण्यांना याचा राग यायचा. तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांनाही वाटू लागायचं की आपणही घोडा असतो तर बरं झालं असतं.

वय त्रेसष्ट. बुटकी, रुंद, अंगात बाराही महिने तोच करडा लोकरी स्वेटर. दर उन्हाळ्यात आठ-दहा परदेशी पाहुणे घेऊन ती सहा दिवस डोंगरातून फिरायची. पाहुणे एकेका घोड्यावर आणि तीसेक घोडे मोकळे, अंगावर खोगीर नाही की दोर नाही. रस्ताभर कळप पळत राहायचा आणि दर दोन तासांनी थांबून घोडे बदलायचे. एकाच जनावरानं दिवसभर माणूस वाहायचा नाही, हा तिचा नियम. तीस वर्षांत तिनं तो कुणालाही मोडू दिला नव्हता. एका पाहुण्यानं गयावया करून अजून अर्धा तास मागितला तेव्हा ती म्हणाली होती, "तुम्हाला कुणी पाठीवर घेऊन अर्धा तास पळतंय का बघा, मग बोलू."

मोकळ्या कळपाच्या पुढे स्कोत्ता असायची. काळपट तपकिरी घोडी, एकोणीस वर्षांची, एका कानाचं टोक तुटलेलं, आणि स्वभावानं एखाद्या शाळेची मुख्याध्यापिका. ती वळली की बाकीचे वळायचे, ती थांबली की थांबायचे. कुणी पुढे नाक काढलं तर त्याच्या ढुंगणाला चावा.

ही स्कोत्ता जन्मली मात्र शेजारच्या खोऱ्यात, हाल्मुंदुरच्या कुरणात. स्टेनवोरला विकली त्यानंच, आणि विकल्याच्या तिसऱ्या दिवसापासून हळहळायला लागला. तीन वर्षांपूर्वी, शरद ऋतूत डोंगरावरच्या मेंढ्या खाली आणून ज्याच्या त्याला वाटून झाल्या तेव्हा, दोघं दगडी कुंपणावर बसले होते. बाटली इकडून तिकडे फिरत होती. हाल्मुंदुरची बोलायची एक तऱ्हा होती. प्रत्येक वाक्याआधी तो एवढा मोठा श्वास ओढायचा की समोरच्याला वाटावं, आता काहीतरी महत्त्वाचं येणार.

"हूंऽऽ... तर मग असं, स्टेनवोर. घोडं आपलं जन्मगाव विसरत नाही."

"माझ्या घरी ती सुखात आहे."

"हूंऽऽ... मग घाबरतेस कशाला? पाठीवर स्वार नसताना, आपल्या पायानं ती माझ्या कुरणात आली, तर ती माझी. ठरलं?"

शांत डोक्यानं कुणी याला हो म्हटलं नसतं. स्टेनवोरनं हातावर हात मारला. आणि त्या खोऱ्यात हातावर हात मारला की वकिलाचं काम संपतं.

तेव्हापासून तिची सहल हाल्मुंदुरच्या घराला लांबून वळसा घालून जायची. दलदलीतून, डासांमधून, चार तास जास्त. पाहुण्यांना ती सांगायची, "इकडून देखावा चांगला आहे." देखावा म्हणजे चिखल.

या वर्षीच्या पाहुण्यांत ऊर्स नावाचे एक स्विस गृहस्थ होते. निवृत्त, उंच, खिशात वही. बोलायचे असे की जणू स्टेशनवर गाड्यांच्या वेळा सांगतायत. "बाई, नकाशाप्रमाणे पूल अकरा किलोमीटरवर आहे. आपण मात्र विरुद्ध दिशेला जातो आहोत. कारण?"

"देखावा," स्टेनवोर म्हणाली.

ऊर्स यांनी आजूबाजूच्या चिखलाकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

तिसऱ्या दिवशी मात्र नदीनं घात केला. दोन दिवस कडक ऊन पडलं होतं, हिमनदी वितळत होती, आणि नदी पार करायच्या नेहमीच्या जागी दुधी रंगाचं पाणी घोड्यांच्या छातीच्या वर उसळत होतं. त्या दिवशी सकाळपासून स्कोत्तावर बसलेल्या स्टेनवोरनं दोनदा पाण्यात उतरून पाहिलं, दोनदा माघारी आली.

"पुलावरूनच, म्हणजे हाल्मुंदुरच्या दारावरूनच जावं लागेल, मावशी," व्येदिस म्हणाली. ही तिच्या बहिणीची मुलगी, कळपाच्या मागे राहायची, आणि हाल्मुंदुरशी झालेला करार तिला तोंडपाठ होता.

"दिसतंय मला."

"मग स्कोत्तावरून उतरू नकोस. पाठीवर स्वार असला की अट लागूच होत नाही."

स्टेनवोर उतरली नाही. पुलाच्या अलीकडे सगळ्यांनी घोडे बदलले, ती तशीच बसून राहिली, आकाशात काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखी वर बघत. मग घसा साफ केल्याचा आवाज आला.

"बाई, आपण या घोडीवर सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी बसलात. आता दहा वीस."

"माहीत आहे."

"काल मला एक तास पंचावन्न मिनिटांनी उतरवलंत. मी विनंती केली होती."

आठही पाहुणे बघत होते. स्कोत्ताच्या मानेवर घाम साचला होता. स्टेनवोर तोंडातल्या तोंडात असं काही पुटपुटली की जे पाद्रीबाबांसमोर बोलता आलं नसतं, आणि उतरली. खोगीर दुसऱ्या घोड्यावर चढवलं, स्कोत्ताला दोर बांधला, दोराचं टोक मुठीत गच्च धरलं. "बाई गं," ती घोडीच्या तुटक्या कानात म्हणाली, "फक्त एवढं एक वळण. माझ्यासाठी."

पूल ओलांडला, वळण आलं. खाली हाल्मुंदुरचं लाल छपराचं घर आणि घरापुढे गुडघाभर उंच, हिरवंगार कुरण. वर्षभराचा चारा उभा. उद्या कापायचा म्हणून ट्रॅक्टर आत नेलेला, आणि फाटक सताड उघडं.

स्कोत्तानं मान वर केली. नाकपुड्या फुलल्या. मग तिनं एकच हिसका दिला. ओल्या लोकरी हातमोज्यातून दोर सरकन निसटला आणि घोडी उतारावरून सुटली. मुख्याध्यापिका निघाली म्हटल्यावर शाळा कशी मागे राहील? तीसच्या तीस घोडे पाहुण्यांच्या दोन्ही बाजूंनी धडधडत तिच्यामागे गेले. ऊर्स यांची टोपीही गेली.

हाल्मुंदुर ट्रॅक्टरखालून बाहेर आला. उघड्या फाटकातून, पाठीवर स्वार नसलेली, आपल्या पायानं येणारी स्कोत्ता त्याला दिसली, आणि त्याचा चेहरा बारशाला आलेल्या आजोबांसारखा झाला. "हूंऽऽ... आलीस का गं घरी," एवढं म्हणेपर्यंत मागची फौज आत घुसली.

स्टेनवोर फाटकाशी पोचली तेव्हा कुरणात जत्रा भरली होती. निम्मे चरत होते. निम्मे पाय वर करून लोळत होते.

"तुझी जनावरं काढ," हाल्मुंदुर म्हणाला. या वेळी श्वास ओढायलाही विसरला.

"माझी कुठली? स्वार नसताना आपल्या पायानं आली ती तुझी. मला तर एकाच्याही पाठीवर कुणी दिसत नाही."

"अट एका घोडीची होती."

"मग घोडी ठेव. बाकीचे मी नेते."

तिला दिलेला शब्द मोडायचा नव्हता, आणि घोडी गेलीच आहे हे तिला कळत होतं. व्येदिसनं आणि पाहुण्यांनी घोडे हाकायला सुरुवात केली. घोडे फाटकापर्यंत जायचे, मागे वळून पाहायचे, स्कोत्ता येत नाही असं दिसलं की ट्रॅक्टरला गोल चक्कर मारून परत. तीनदा झालं. दर फेरीला गवताचा एक पट्टा भुईसपाट.

"पुरे," हाल्मुंदुर ओरडला. "ही पुढे गेल्याशिवाय हे हलायचे नाहीत. मीच काढतो." त्यानं स्कोत्ताला लगाम चढवला आणि उघड्या पाठीवरच बसला. हेतू साधा होता: कळप बाहेर न्यायचा, आणि स्कोत्ताला घेऊन हळूच परत यायचं. कळप आज्ञाधारकपणे बाहेर आला. व्येदिसनं फाटक लावलं. हाल्मुंदुरनं घोडी घराकडे वळवली. तीस नाकं घराकडे वळली. त्यानं घाईघाईनं ती परत रस्त्याला लावली.

असं करत करत तो दोन खोऱ्यांमधल्या खिंडीपर्यंत पोचला. सात किलोमीटर. कामाचे बूट, तेलकट हात, मागे आठ परदेशी पाहुणे. वाटेत एक पाहुणी व्येदिसला म्हणाली, "हे नवे मार्गदर्शक फार शांत आहेत."

खिंडीत तो उतरला आणि घोडीच्या मानेवर हात ठेवला.

"हूंऽऽ... तर मग असं. आत ती आली खरी. पण बाहेर मी आणली. आता तिलाच ठरवू दे."

त्यानं लगाम काढला. हाक मारली असती तर घोडी आली असती, हे स्टेनवोरला ठाऊक होतं, म्हणूनच तिनं आपला घोडा रस्त्याच्या बाजूला घेतला आणि ओठ मिटले. स्कोत्तानं खाली लाल छपराकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. दोन पावलं तिकडे टाकली. स्टेनवोरनं डोळे बंद केले.

कळपाला मात्र कंटाळा आला होता. एक चार वर्षांचा पांढुरका घोडा, कालपर्यंत शेवटी पळणारा, आपल्यालाही रस्ता माहीत आहे अशा ऐटीत पुढे निघाला, आणि त्याच्यामागे दोघे-चौघे. स्कोत्ताचे कान मागे गेले. जन्मगाव, लाल छप्पर, गवत, सगळं एका क्षणात रद्द. ती वळली, सगळ्यांना ओलांडून गेली, पांढुरक्याच्या ढुंगणाला कडकडून चावली आणि पुढे लागली. स्टेनवोरच्या खोऱ्याकडे.

स्टेनवोरनं डोळे उघडले, नाक पुसलं आणि इतकंच म्हणाली, "धूळ फार आहे."

हाल्मुंदुर रिकामा लगाम घेऊन रस्त्यात उभा होता.

"घोडा देऊ का?" तिनं विचारलं. "तो लठ्ठ बदामी आहे. पाहुण्यांमधल्या लहान मुलांना देते तो."

"नको. चालतो." लहान मुलांच्या घोड्यावर बसलेलं खोऱ्यात कुणी पाहिलं असतं तर चेष्टेला वर्षभर पुरलं असतं. तो ताठ मानेनं उताराला लागला. ऊर्स यांनी वही काढली.

पन्नास पावलं गेला असेल नसेल, हाल्मुंदुर थांबला. कामाच्या बुटांकडे पाहिलं, मग खाली लांबवर ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या घराकडे, आणि परत आला.

"हूंऽऽ... कुठला म्हणालीस? बदामी?"

"त्याला 'कृपया' म्हणावं लागतं," स्टेनवोर म्हणाली.