मिसिसिपीकाठचे आमचे काका

जगात आजवर जे काही घडलं ते मिसिसिपी नदीमुळे घडलं, आणि ही गोष्ट अख्ख्या लालबागमध्ये फक्त आमच्या समोरच्या खोलीतल्या काकांना ठाऊक होती. काका गिरणीत साच्यावर कापड विणायचे. रद्दीच्या दुकानात त्यांना अमेरिकेतल्या यादवी युद्धात मिसिसिपीकाठी झालेल्या लढायांवरचं एक जाडजूड मराठी पुस्तक सापडलं होतं. शेवटची पंधरावीस पानं उंदरांच्या पोटात गेलेली. उरलेलं काकांना तोंडपाठ. चाळीत कुणी नवा माणूस दिसला की काका त्याला गाठायचे आणि सुरू: तिकडे लढाई पेटली, त्यांचा कापूस विलायतेला जायचा थांबला, मग आपल्या कापसाला भाव आला, त्या पैशातून गिरण्या उभ्या राहिल्या, गिरणीसाठी माझा आजा मालवणहून बोटीनं आला, तुझाही आला. "म्हणजे तू जन्मलास कुणामुळे?" याला 'आईवडिलांमुळे' असं उत्तर दिलं की काका आठवडाभर बोलायचे नाहीत.

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा बाकीची चाळ काळजीत पडली आणि काकांचं भाग्य उजळलं. आठवड्याच्या आत त्यांनी लालबागचं व्हिक्सबर्ग करून टाकलं. मिसिसिपीकाठचं हे गाव शत्रूनं वेढलं, लोक टेकड्या कोरून गुहांत राहिले, खेचरं खाल्ली, कागद संपला तेव्हा भिंतीला चिकटवायच्या कागदाच्या पाठीवर वर्तमानपत्र छापलं. मग काका मागे कसे राहतील? जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मजकूर लिहून ते रोज सकाळी नळापाशी चिकटवू लागले. "शत्रू परळच्या बाजूला. चहात साखर नाही. मनोधैर्य उत्तम." पुस्तकातला शत्रू उत्तरेचा, त्यामुळे उत्तरेकडच्या दादरहून आलेल्या सख्ख्या मेव्हण्याचीसुद्धा जिन्यात दहा मिनिटं उलटतपासणी झाली. त्यानं आणलेल्या तांदळाच्या पिशवीला मात्र विनाचौकशी आत सोडण्यात आलं.

मी गिरगावातल्या शाळेत मास्तर, त्यामुळे खोडी काढणं अंगातच. एकदा म्हटलं, काका, तुमचे हे शूर लोक तर गुलाम राखून होते, तुम्ही त्यांची बाजू कसली घेता? दोन दिवस नळाची भिंत कोरी. तिसऱ्या दिवशी नळापाशी कागद लागला: "खुलासा. आम्ही मालकांच्या बाजूचे नाही. कापूस ज्यांनी वेचला त्यांच्या बाजूचे आहोत." खरं सांगतो, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

संध्याकाळी गॅलरीत वेढ्याचं वाचन चालायचं. फाटल्या पानापाशी आलं की कुणीतरी विचारायचंच, पुढे काय झालं? काका पुस्तक मिटून म्हणायचे, "पुढची पानं नाहीत. म्हणजे गाव अजून लढतंय." आणि रिकाम्या पोटाची माणसं, हसू नका, तेवढ्यावर झोपायला जायची.

वर्ष उलटलं. काकी गिरणीतल्या एकट्या माणसांसाठी खाणावळ चालवायच्या. ती माणसं गावी निघून गेली आणि काकी मसाल्याच्या दुकानात मिरच्या निवडायला जाऊ लागल्या. हातांची आग आग व्हायची. चाळीतले एकेक जण 'पुन्हा संप करणार नाही' असं हमीपत्र लिहून कामावर परतू लागले. काका हटेनात. गाव लढत असताना सही कशी करायची? शेवटी काकी माझ्याकडे आल्या. "त्या गावाचा पुढे काय झाला, ता एकदा ह्यांका सांगान टाक. त्या गावासाठी हे घरात बसान रवलेत."

मी गिरगावातल्या एका वाचनालयात तेच पुस्तक धड अवस्थेत शोधून काढलं आणि वाचलं. गाव उपासमारीनं शरण गेलं होतं. 'पुन्हा लढणार नाही' अशा कागदावर शिपायांनी सह्या केल्या आणि ते आपापल्या घरी गेले.

गॅलरीत बसून मी ते काकांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

"सगळ्यांनी सही केली?"

"बहुतेकांनी."

"त्यांना मागून कुणी नावं ठेवली रे?"

पुस्तकात तसं काही नाही, असं मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून गिरणीवर गेले. गिरणीनं सही केलेला कागद ठेवून घेतला आणि काकांना परत पाठवलं. आता पूर्वीइतके साचे चालणार नव्हते. त्यानंतर नळापाशी कागद लागला नाही. बायका कळशा घेऊन कोऱ्या भिंतीपुढे थांबायच्या आणि मला विचारायच्या, काका आजारी आहेत का? काय सांगणार, कपाळ? आम्हा मास्तरांना खरं सांगायची भारी खाज. सहा महिने आधी सांगितलं असतं तर कदाचित कामावर घेतलं असतं. कधीच सांगितलं नसतं तर निदान सही तरी काकांकडेच राहिली असती. मी नेमका मधेच तोंड उघडून बसलो.

पुढे काकाही काकींच्याच दुकानात मिरच्या तोलू लागले. काही वर्षांनी चाळीत नवा भाडेकरू आला आणि काकांना पुन्हा कंठ फुटला. गॅलरीत नदी आली, गुहा आल्या, खेचरं आली. मी दारात उभा राहून ऐकत होतो. फाटल्या पानापाशी नव्या माणसानं विचारलं, मग काय, गाव पडलं शेवटी?

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुस्तक मिटलं.

"पुढची पानं नाहीत," ते म्हणाले.

"नाहीतच," मी म्हणालो. "मी स्वतः शोधलीत."