पिलांची दृष्ट

आमच्या दोघींचा विषय एकच होता, तिथेच सगळं बिनसलं. ऐंशीच्या आसपासचे दिवस. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत मी आणि माझी एक सहकारी उंदरांची नुकती जन्मलेली पिलं सांभाळायचो. मेंदू स्वतःच अफूसारखी द्रव्यं तयार करतो, दुखणं सोसायला मदत करणारी, हे तेव्हा नवंनवं कळलं होतं. जन्मताना ती किती असतात आणि पिलू मोठं होताना कशी बदलतात, हे आम्ही मोजत होतो. जिचे आकडे चांगले, तिला आमचे सर दिल्लीच्या परिषदेला पाठवणार होते. मला जायचंच होतं. मी शहरातल्या उच्चभ्रू रामदासपेठेतली, ती खाप्यासारख्या लहान गावाहून एसटीने येणारी. या गोष्टीला मी उगाच भाव देत असे.

आकडे मात्र तिचेच चांगले यायचे. तिचा आलेख पिलांच्या वयाबरोबर सरळ वर चढे, माझा कुठेही भरकटे. सर तिच्या टेबलाशी उभे राहिले की माझा जळफळाट होई. तिच्या डब्यातली भाजीसुद्धा मला खुपायची.

तिचं काम आधी संपलं. माझा शेवटचा गट उरला होता. त्या सकाळी मी पोचले तर ही माझ्या पिंजऱ्यांपाशी, शेगडीत निखारे घेऊन. मोहरी, मीठ, भिवापुरी मिरच्या माझ्या पिलांवरून ओवाळून तिने विस्तवात टाकल्या. एमएस्सी झालेली बाई उंदरांची दृष्ट काढत होती.

"तुह्या पिलायले नजर लागली वं," ती म्हणाली. "नाही तर इतकी मेहनत वाया काहून जाते?"

खोलीभर धूर झाला. पिलं चिरकू लागली, माद्या सैरावैरा धावू लागल्या, आम्ही दोघी खोकून बेजार. ती डोळे पुसत समाधानाने म्हणाली, ठसका लागला, म्हणजे नजर नव्हतीच; असती तर मिरच्या जळूनही ठसका लागला नसता.

सरांनी गट बाद केला. पिलांवर असा ताण आला की नेमकी हीच द्रव्यं बदलतात, ते म्हणाले. ती त्यांच्यापुढे रडली, म्हणाली, चूक माझी आहे, दिल्लीला हिलाच पाठवा. पण आकड्यांशिवाय मी तिथे काय वाचणार होते?

तिला दिल्लीच्या गाडीत बसवून द्यायला मी स्टेशनवर गेले. मी रागावले का, असं तिने विचारलं. मी नाही म्हटलं आणि तिने लगेच विश्वास ठेवला. माझ्या पिलांना कोणाची नजर लागली, याचा तिने इतका विचार केला. माझी नजर वर्षभर तिच्यावर होती, हे तिच्या मनातही आलं नाही. त्या मनाचा मला दिल्लीपेक्षा जास्त हेवा वाटला.