साडेचार तासांचं टोरांटो

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पुढच्या शिक्षणासाठी टोरांटोला प्रवेश मिळाला, तेव्हा बाबा इतक्या सहज हो कसे म्हणाले, हे मला कळलंच नव्हतं. ते कळलं दुबई मरीनातल्या एका काकांच्या फ्लॅटमध्ये, मराठी मंडळाच्या लोकांसमोर.

या काकांना आमच्यासारखी शारजात राहणारी माणसं घरी बोलवायला आवडतात, कारण मग बाल्कनी दाखवता येते. जेवताना त्यांनी विचारलं, "मुलीला एवढ्या लांब पाठवताय?"

"लांब कुठलं?" बाबा म्हणाले. "साडेतीनला विमान निघतं, साडेनऊला पोचतं. त्यातले दीड तास घड्याळाचे. साडेचार तास. मला रुवैसच्या प्लान्टवरून घरी यायला ट्रॅफिकमध्ये तेवढेच लागतात."

आम्ही आयुष्यभर फक्त पुण्याला गेलो. तिकिटावरच्या वेळेतून भारत-दुबईच्या घड्याळांतल्या फरकाचे दीड तास वजा करायचे, हे आमच्या घरात पाठ आहे. बाबांनी तेच गणित टोरांटोला लावलं होतं; तिथलं घड्याळ तर आठ तास मागे असतं.

"अहो, विमान आहे की रॉकेट?" काका हसत सुटले. त्यांचा मुलगा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "अंकल, इट्स फोर्टीन अवर्स." मग सगळेच हसले. काकू वाढता वाढता म्हणाल्या, "भाऊजी, जाताना रुवैसला एक स्टॉप घ्यायला सांगा हं पायलटला." बाबाही हसले. त्यांचं ते हसणं मला त्या सगळ्यांपेक्षा असह्य झालं. त्या घरातलं पाणीसुद्धा मी नंतर प्यायले नाही.

घरी परतताना शारजाच्या रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या. बाबा समोर बघत म्हणाले, "तुला माहीत होतं?"

"चौदा तास लागतात हे माहीत होतं. तुम्ही साडेचार धरलेत, हे नव्हतं माहीत."

"खलास. नाही जायचं."

"काका हसले म्हणून?"

"आवाज खाली," आई म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही.

मला खरं तर मोठ्यांशी वाद घालता येत नाही, शब्द वेळेवर सापडत नाहीत. पण त्या दिवशी सापडले. "तुम्ही रुवैसला गेलात तेव्हा मी दुसरीत होते. मला कोणी विचारलं होतं?"

"मी दर शुक्रवारी येतो," बाबा म्हणाले. "ट्रॅफिक असो, धुळीचं वादळ असो. येतो की नाही? तू कधी येशील?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. राग मात्र तेवढाच राहिला. त्यांचाही.

पुढच्या शुक्रवारी ते आले नाहीत. प्लान्टमध्ये काम आहे म्हणाले. टोरांटोच्या कॉलेजला होकार कळवायचा तो शेवटचा दिवस होता. संध्याकाळी आईचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकून माझ्यासमोर ठेवला.

"तिला सांग, जायचं तर जा म्हणावं. विमानतळावर मी येणार नाही."

"बाबा, मी इथेच आहे. ऐकतेय."

"तुझ्या आईशी बोलतोय मी."

फोन बंद झाला. आई माझ्याकडे न बघता उठली आणि कुकर लावायला गेली. मी लॅपटॉप उघडला आणि होकार पाठवला.