शेवयांचं पाणी

ताटात हात धुताना तुम्ही कधी रांधणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आहे का?

जपानमध्ये नोकरी करणारी माझी मैत्रीण सुजाता मला एका डोंगरगावात सोबा खायला घेऊन गेली. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या, हाताने कापलेल्या शेवया. गार शेवया वाटीतल्या खारट रसात बुडवून खायच्या. त्या संपल्यावर दुकानाच्या आजीबाईंनी गरम, गढूळ पाण्याची किटली आणून ठेवली. मी रसाच्या वाटीवर बोटं धरली आणि किटली उचलली.

सुजाताने माझं मनगटच पकडलं. "येडे, हात काय धुतेस! शेवया उकडलेलं पाणी आहे ते. रसात ओतून प्यायचं."

"हे पाणी?"

"पुरणाच्या डाळीचं पाणी फेकतेस का तू? कटाची आमटी तर ओरपतेस! पी आता, आजी बघतायत."

कोपरापर्यंत पीठ लागलेल्या आजीबाई दाराशीच थांबल्या होत्या. मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, तेव्हा कुठे त्या हसल्या आणि चुलीकडे वळल्या.

'श्रमाला मान द्या' असं छापलेली पत्रकं मी वर्षानुवर्षं वाटली. घरी मात्र रोज ताटात हात धुऊन उठते. आई समोरच उभी असते, पण त्या वेळचा तिचा चेहरा मला आठवेना.

आज ताटात पाणी ओतण्याआधी एकदा मान वर करून बघा.